बांधावरची सुटका

पनवेलच्या लोकल बोर्डाच्या दवाखान्यात भीमाबाई पाटोळे नर्स म्हणून आल्या, तेव्हा गावात त्यांच्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं. दोन पावसाळे गेले आणि त्यांना न ओळखणारं घर शोधावं लागलं असतं. कुणाचे दिवस भरत आले, की बाळंतिणीची खोली सारवायच्या आधी घरातलं वडीलधारं माणूस विचारी, "भीमाबाईंना सांगून ठेवलंय ना?" उंच, रुंद हाडाची बाई. आवाज जरा जाड, मनगटं पुरुषासारखी. पण हात असा हलका, की तो पोटावर पडला म्हणजे कळांनी घायकुतीला आलेली पोरसुद्धा क्षणभर गप्प होई.

त्या ख्रिस्ती होत्या. सकाळी उठून पवित्र शास्त्र वाचत, एखादं गीत म्हणत आणि मग चहाला आधण ठेवत. गावात ख्रिस्ती घरं तीन-चारच. रविवारी ती सगळी एका शाळामास्तरांच्या ओटीवर उपासनेला जमत. प्रार्थनेची पाळी भीमाबाईंवर आली, की त्या उपकार मानत. उन्हाचे, पावसाचे, भाकरीचे, काल सुखरूप झालेल्या बाळंतपणाचे. एवढं झालं की आमेन म्हणून डोळे उघडत. मागत मात्र काही नसत. हे मास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं, महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकांच्याही नाही. आलं होतं ते एकट्या जोकबेदमावशींच्या.

मावशी म्हणजे त्यांच्या घरमालकीण. इस्रायल आळीतल्या ज्यू घरातल्या विधवा, सत्तरीला टेकलेल्या. दोघींच्या खोल्यांमध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. इकडची प्रार्थना तिकडे ऐकू जाई आणि तिकडची इकडे.

एकदा वालाच्या शेंगा सोलता सोलता मावशी म्हणाल्या, "भीमा, राग येणार नसेल तर एक विचारते. तू रोज देवाचे आभार मानतेस. त्याच्याकडे कधी काही मागत कशी नाहीस गं?"

भीमाबाईंनी हातातली शेंग सोलून पुरी केली. मग म्हणाल्या, "मागितलं होतं एकदा."

आणि नगरकडच्या आपल्या खेड्यातली गोष्ट त्यांनी पनवेलमध्ये पहिल्यांदा कुणाला तरी सांगितली. सत्तेचाळीसचा उन्हाळा. पटकीची साथ. नवरा शांतवन मिशनच्या शाळेत शिकवायचा, मुलगी करुणा चार वर्षांची. भीमाबाई स्वतः शिकलेल्या नर्स. पाणी उकळलं, मिठासाखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, आणि तीन दिवस गुडघे टेकून देवाकडे मागितलं. गुरुवारी करुणा गेली, शनिवारी शांतवन.

"देव सोडला नाही मी," भीमाबाई म्हणाल्या. "तो आहे, चांगला आहे, हे मला माहीत आहे. पण ज्या दाराने एकदा नाही म्हटलं, तिथं पुन्हा हात पसरायला नको वाटतं. त्याच्यापाशी असेल तेवढं तो देतो. मी आभार मानते. झालं."

मावशींनी आपल्या लोकांची गोष्ट काढली. त्यांचे पूर्वज गलबतातून येत होते, नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात जोडपी तेवढी लाटांनी वर टाकली, आणि त्या सात जोडप्यांपासून कोकणातली ही सगळी घरं झाली. त्याच्याही आधी मिसर देशातल्या दास्यातून त्याच देवाने त्यांना समुद्रातून पायी आणलं होतं. "वल्हांडणाला, त्या सुटकेच्या सणाला, आम्ही काय म्हणतो ठाऊक आहे? माझ्या पणजोबाला सोडवलं, असं नाही म्हणत. मला सोडवलं, असं म्हणतो."

"आणि बाकीचे बुडाले, त्यांचं काय, मावशी?"

म्हातारी शेंगांकडे बघत राहिली. "ते मला ठाऊक नाही गं. मी वाचलेल्यांची लेक आहे."

हे बोलणं तिथंच राहिलं. भीमाबाई आपल्या पद्धतीने आभार मानत राहिल्या, आणि अशी आणखी तीन-चार वर्षं गेली.

मग आला अठ्ठावन्न सालचा श्रावण. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. बंदरावर मचवे नांगर टाकून होते, आणि आठवडाभर असा पाऊस लागला होता की माथेरानचा डोंगर कुठल्या बाजूला आहे हे दिसत नव्हतं. सकाळी सातच्या सुमाराला दवाखान्याच्या पायरीवर एक कातकरी येऊन उभा राहिला. डोक्यावर पानांचं इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल. त्याचं नाव देवजी.

"बाय, चला," तो म्हणाला. "खाजनात ऱ्हातो आमी. सून अडलीय. काल सकालपासून. माजी बायको सुईण हाय, पन तिला बी काय कलत नाय. पोर आडवी हाय म्हनते."

डॉक्टर अलिबागला बैठकीला गेले होते, संध्याकाळशिवाय यायचे नव्हते. कंपाउंडर दिनानाथ औषधांच्या बाटल्या पुसत होते. ते म्हणाले, "भीमाबाई, यांना सांगा, तिला इथे घेऊन या. त्या खाडीकाठच्या खाजणात कुठे जाता? आज उधाण आहे, अकरा-साडेअकराला भरती भरेल."

"इथे आणेपर्यंत तिचं काय होईल, दिनानाथराव?" भीमाबाईंनी बॅग भरलीच होती. "खाजणात कुठे राहता हो तुम्ही?"

"कामोठ्याच्या खाली. बांधावर."

देवजीचं घर तिथलं नव्हतं. त्याची वाडी कर्नाळ्याच्या अंगाला रानात होती. पण पावसाळ्यात कामोठ्याचे शेतकरी त्याला आणि त्याच्या माणसांना खाडीच्या बांधावर राखणीला ठेवत. हा बांध म्हणजे मातीची लांबच लांब भिंत. तिच्या एका अंगाला भाताची खारजमीन आणि दुसऱ्या अंगाला खाडी. खेकडे बांधाला बिळं पाडतात. त्यातून भरतीचं पाणी झिरपायला लागलं की बघता बघता खांड पडते आणि खारं पाणी शेतात शिरतं. म्हणून दिवसरात्र बांधावर फिरायचं, बीळ दिसलं की पेंढा आणि चिखल ठासायचा. बांध जिथं जरा रुंद होता तिथं देवजीने कुडाची खोप घातली होती. तो, त्याची बायको कमळी, मुलगा शुक्रा आणि शुक्राची बायको साळू, असे चौघे तिच्यात राहत.

दोघं तिथं पोचली तेव्हा नऊ वाजून गेले होते. बांधावरून चालताना भीमाबाईंनी एकदाच दोन्हीकडे पाहिलं. उजवीकडे खाडी फुगत चालली होती, ते अपेक्षितच होतं. पण डावीकडे शेतं दिसत नव्हती. डोंगरातून उतरलेलं पाणी खारजमिनीवर साठलं होतं. भरती असेपर्यंत ते उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारातून खाडीत जाऊ शकत नव्हतं. दोन पाण्यांच्या मध्ये मातीची एक वाट, आणि तिच्यावर ती खोप.

आत साळू चटईवर पडली होती. सतरा-अठरा वर्षांची असेल. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. कमळी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पाणमोट फुटून घटका झाली होती. भीमाबाईंनी हात धुतले आणि तपासलं. मूल आडवं होतं. खांदा पुढे आला होता. हे बाळंतपण नुसत्या कळांनी होणारं नव्हतं, शंभर कळा दिल्या तरी.

"हिला न्यावं लागेल," त्या उठत म्हणाल्या. "डोली करा. आत्ताच्या आत्ता."

शुक्रा बाहेर गेला आणि तसाच परत आला. पोराचा चेहरा उतरला होता. "बाय, वाट ऱ्हायली नाय. आपन आलो तिथं बांधावरून पानी चाल्लंय."

भीमाबाई दाराशी आल्या. खरंच होतं. त्या ज्या वाटेने मघाशी आल्या होत्या तिच्यावरून खाडीचं पाणी पातळ पदरासारखं सरकत शेताकडे उतरत होतं. दुसऱ्या बाजूलाही बांध खचत होता. देवजी आणि शुक्रा पेंढा घेऊन धावले. खोपीच्या अगदी पायाशी, खाडीच्या अंगाला, मुठीएवढं एक भोक पडलं होतं. त्यांनी पेंढा कोंबला, चिखल थापला, वर उभे राहिले. ते बुजेपर्यंत त्याच्या वर दुसरं सुटलं. पायाखालची जमीन भिजलेल्या भाकरीसारखी लागत होती.

देवजी आत डोकावला. "बाय, हितंच खांड पडनार," तो हलक्या आवाजात म्हणाला. "खोपीच्या खालीच. तुमी पोहाया शिकलाव?"

"नाही," भीमाबाई म्हणाल्या.

त्या परत साळूपाशी बसल्या. आता करण्यासारखी एकच गोष्ट होती. आत हात घालून मुलाचा पाय शोधायचा, त्याला आतल्या आत फिरवायचं आणि पायाकडून बाहेर काढायचं. शिकत असताना मिशनच्या दवाखान्यात त्यांनी हे डॉक्टरीणबाईंना दोनदा करताना पाहिलं होतं. एकदा आई वाचली होती. नर्सने हे करू नये, असं त्यांना शिकवलेलं होतं.

"कमळे, हिला घट्ट धर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात आत घातला.

साळूने डोळे उघडले. "बाय, मी मरनार काय?"

याचं उत्तर भीमाबाईंनी आजवर शेकडो जणींना दिलं होतं. सहज, हसत, सवयीने. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. खाली पाणी गुळगुळ वाजत होतं. बाहेर बापलेक एकमेकांना ओरडून सांगत होते, इथं टाक, तिथं टाक. आपल्या हातात काही राहिलेलं नाही, हे भीमाबाईंना एकदम स्वच्छ कळलं. हे त्यांना आधी एकदाच असं कळलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, त्या गुरुवारी. त्या वेळी त्यांनी जे दार लावून घेतलं होतं, त्याच्यासमोर त्या पुन्हा उभ्या होत्या. आणि त्यांना दिसलं की ते दार देवाने लावलं नव्हतं. कडी त्यांच्या बाजूला होती.

हात जोडता येत नव्हते. एक हात आत होता, दुसरा पोटावर. गुडघे टेकायलाही जागा नव्हती. त्यांनी मान वर केली आणि मोठ्याने, अगदी ओरडून म्हटलं,

"परमेश्वरा, सोडव!"

एवढंच. नंतर त्यांनी कितीदा तरी आठवून पाहिलं, पुढे काही शब्द होते का. नव्हते.

बोटांना मुलाचा पाय लागला. टाच हाताच्या पंजापेक्षा वेगळी लागते, एवढं आठवलं, आणि ती टाच होती. त्यांनी ती धरली. त्याच वेळी बाहेर असा आवाज झाला की जणू डोंगराचा कडा कोसळला. खोप हादरली, कुडाची माती अंगावर पडली. कमळीने किंकाळी फोडली. भीमाबाईंनी मनात म्हटलं, संपलं. पण हात सोडला नाही. लगेच दुसरा आवाज झाला, दुसऱ्या अंगाला, तसाच. मग बराच वेळ नुसता पाण्याचा घोष. त्या घोषात त्यांच्या हातातलं मूल फिरलं. त्यांना त्याचं वळणं कोपरापर्यंत जाणवलं, जड, सावकाश, झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसं. साळूला कळ आली. पाय आले, कंबर आली, खांदे आले. डोकं अडकलं, तेव्हा कमळीने वरून जोर दिला. आणि मुलगी बाहेर आली. निळी, गप्प.

भीमाबाईंनी तिच्या तोंडातलं पाणी काढलं, पाठ चोळली, तोंडाला तोंड लावून हळूच फुंकर घातली. एकदा, दोनदा, पाचदा. सहाव्या वेळी त्या एवढ्याशा छातीत काहीतरी हललं, आणि पोरगी रडली.

शुक्रा दारात आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "बाय... बाहेर या. बगा."

साळूला सुखरूप बघून, वार पडल्यावर, मूल कमळीच्या पदरात देऊन त्या बाहेर आल्या.

खांड पडली होती. एक नव्हे, दोन. खोपीच्या डाव्या बाजूला वीस-पंचवीस पावलांवर बांध फुटला होता आणि उजव्या बाजूला तेवढ्याच अंतरावर. दोन्हीकडून खाडीचं पाणी माणूसभर उंचीने शेतात कोसळत होतं. लाल, फेसाळ, तोडलेली झुडपं आणि मातीची ढेकळं घेऊन. आणि मधला तुकडा उभा होता. खाडीला आता वाट मिळाली होती. खोपीच्या पायाशी जो जोर लागत होता तो गेला होता. देवजीने बुजवता बुजवता सोडून दिलेल्या भोकातून पाणी येईनासं झालं होतं. ज्या खांडीला तो सबंध सकाळ अडवत होता, ती पडली म्हणूनच ते सगळे जिवंत होते.

देवजी हातातला पेंढा तसाच धरून उभा होता. "साठ वरसं मी बांध बगतोय," तो म्हणाला. "असं नाय पाह्यलं. तुमी कोनाला हाक मारलाव, बाय?"

वाचल्याचा आनंद भीमाबाईंना झालाच नाही, पहिल्या क्षणी तरी नाही. त्यांना भय वाटलं. पाण्याचं मुळीच नाही. ज्याच्याशी त्या इतकी वर्षं सभ्यपणे, बेताबेताने बोलत आल्या होत्या, पाहुण्याला चहा द्यावा तसे ज्याचे आभार मानत होत्या, तो किती प्रचंड आहे हे त्यांनी पाहिलं होतं. तो हाकेच्या अंतरावर होता. नेहमीच असणार. त्या चिखलात बसल्या, कपाळ मातीला लावलं आणि रडल्या. करुणासाठी, शांतवनसाठी, अकरा वर्षांत न रडलेलं सगळं. कमळी मूल घेऊन दारात आली आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

ओहोटी लागल्यावर दुपारी कामोठ्याचे लोक होडी घेऊन आले. इथं कुणी जिवंत सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आईला आणि मुलीला त्यांनी पनवेलच्या बंदरावर उतरवलं.

दुसऱ्या दिवशी दिनानाथांनी सगळं ऐकून घेतलं. सरळ, विचारी माणूस. ते म्हणाले, "बांध जुना. दोन्हीकडे पाण्याचा दाब. खोपीपाशी तो रुंद होता, माणसांनी तुडवून घट्ट झालेला. शेजारी फुटायचाच. यात चमत्कार कसला, भीमाबाई?"

"तुमचं सगळं बरोबर आहे," भीमाबाई म्हणाल्या. "मी वाद घालणार नाही. पण मी तिथे होते, दिनानाथराव. मी हाक मारली आणि मला सोडवलं. ते मी कसं नाकारू?"

जोकबेदमावशींना त्यांनी सांगितलं तेव्हा म्हातारीने डोक्यावरून पदर घेतला आणि हिब्रूतली एक प्रार्थना पुटपुटली. मग भीमाबाईंचे दोन्ही हात धरून त्यांच्याकडे पाहिलं. "या हातांत वळलं मूल?"

"वळलं. मी वळवलं असं मला म्हणवत नाही, मावशी."

"म्हणू नकोस."

थोड्या वेळाने भीमाबाई म्हणाल्या, "मला अजून कळत नाही. ही पोरगी दिली, माझी का नाही दिली? काल चिखलात बसून मी त्याला तेही विचारलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. पण आता तो ऐकत नाही असं मला म्हणता येणार नाही."

देवजीच्या नातीचं नाव मालू ठेवलं. ती माणसं ख्रिस्ती झाली नाहीत आणि भीमाबाईंनी तसं कधी सुचवलंही नाही, पण पनवेलच्या बाजाराला आली की कमळी दवाखान्याच्या पायरीवर करटोली नाहीतर रानातला मध ठेवून जाई आणि मालूला पुढे करून म्हणे, "बायला हात जोड. आनि बायच्या देवाला."

रविवारच्या उपासनेत फरक पडला तो मास्तरांच्याही ध्यानात आला. भीमाबाई आता मागू लागल्या होत्या, आणि मागत तेव्हा अशा मागत की ओटीवरची लहान मुलंही चुळबुळ थांबवत. आठवड्यात ज्या ज्या बायांचे दिवस भरत आले असतील त्यांची नावं त्या एकेक करून घेत. मुसलमान मोहल्ल्यातल्या, ब्राह्मण आळीतल्या, ठाकरवाडीतल्या. पाळक एकदा म्हणाले की असं मागायला धीर लागतो. भीमाबाई म्हणाल्या, "धीर नाही, साहेब. भीती वाटते मला त्याची. म्हणून दुसरीकडे जाववत नाही."

साठ सालच्या उन्हाळ्यात रंभा नावाची एक सुतारीण त्यांच्या हातांत दगावली. चाकं करणाऱ्यांच्या घरातली, तिसरं बाळंतपण. रक्त थांबेना. डॉक्टर होते, औषध होतं, सगळं केलं. भीमाबाईंनी हाक मारली, तशीच, मोठ्याने. रंभा दुपारी चारला गेली.

दिनानाथांनी त्यांना मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसलेलं पाहिलं. ते जवळ जाऊन उभे राहिले. आज त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "आता?"

भीमाबाईंनी हात पदराला पुसले. डोळे लाल होते. "आता तिच्या मुलाला दूध कोण पाजील ते बघायचं. सुतार आळीत कुणी ओली बाळंतीण आहे का?"

"आणि देव?"

"तो समुद्राचा धनी आहे, दिनानाथराव. मी त्याची मालकीण नाही. एकदा मी रुसून अकरा वर्षं घालवली. आता तेवढी वर्षं माझ्यापाशी नाहीत."

त्या उठल्या, मूल फडक्यात गुंडाळलं आणि बाजारातून सुतार आळीकडे चालू लागल्या. उन्हं रस्त्यावर लांब पडली होती. चालता चालता त्यांचे ओठ हलत होते. रस्त्यात भेटलेल्या एकीने विचारलं, कुणाशी बोलता? भीमाबाई थांबल्या नाहीत. "याच्यासाठी मागतेय," त्या म्हणाल्या, आणि मुलाच्या तोंडावरचं फडकं जरा बाजूला केलं, म्हणजे त्याला वारा लागेल.